सोनखत

गावाला जे नको होतं
ते मी एकोणीस वर्षं ट्रकमधून वाहिलं.
दर एप्रिलला, बर्फ वितळून मेन राज्यातले रस्ते चिखल झाले की
चुना घातलेला, वाफाळता काळा गाळ.
प्लँटमध्ये त्याला खत म्हणायचे,
सरकारी कागदावर आणखी एक सभ्य नाव होतं.
ऑरिन थिबोडो नुसतं 'ते' म्हणायचा.
ते कधी आणतोयस, लेलँड?

फुकट होतं. पण फुकट म्हणून नव्हे,
तो सांगायचा, हिशेब पुरा होतो म्हणून.
माझं दूध गावात जातं,
गाव ते पितं,
आणि गावाचं परत माझ्या गवतात.
सांगताना बोटानं हवेत गोल काढायचा.
गवताच्या यंत्रात त्या बोटाचं पेर गेलेलं,
गोल कधी जुळायचा नाही.

कुरणाच्या कडेला, जिथे यंत्र पोचत नसे,
टोमॅटोची रोपं वर यायची.
कुणी लावलेली नव्हती.
कुणाकुणाच्या पोटातून, पाइपांतून, टाक्यांतून,
चुन्यातूनसुद्धा जिवंत निघालेल्या बिया.
डेल्फीन नाक मुरडायची.
त्यांची ओडील, सात वर्षांची,
उन्हात कोमट झालेला टोमॅटो शर्टाला पुसून खायची
आणि मला विचारायची,
हा कुणाचा असेल?
पोस्टातल्या बाईंचा?

हसून हसून पोट दुखायचं आमचं.

मग पांढरी गाडी आली. दोन मुली, निळे हातमोजे.
विहिरीचं पाणी, गवत, दूध, छोट्या बाटल्यांत.
आकडा आला तो ऑरिननं मला वाचायला दिला,
चष्मा सापडत नाही म्हणाला.
चष्मा कपाळावर होता.
एक लाख कोटी थेंबांमागे इतके थेंब.
मी विचारलं, हे कमी की जास्त?
तो म्हणाला, दुधाची गाडी उद्यापासून येणार नाही.

कुठून आलं म्हणाल तर
नदीवरच्या गिरणीतून,
जिथे माझी आई तेल न शोषणारा कागद गुंडाळायची.
पॉपकॉर्नच्या पिशव्या, बर्गरची वेष्टणं.
घरोघरच्या तव्यांतून, रेनकोटांतून.
जे कशालाच चिकटू नये म्हणून बनवलं
ते मातीला चिकटून बसलं.
आम्ही जंतू मारले, जंत मारले, वास मारला,
रोज वहीत खूण केली. माझीही सही आहे.
याला वहीत रकाना नव्हता.

गाईंना आकडा कळत नाही.
पहाटे चारला कासा तटतटतात.
म्हणून ऑरिन उठतो,
कासेला कोमट फडकं लावतो, पूर्वीसारखंच,
मशीन जोडतो,
आणि टाकीचा खालचा नळ सोडून
सगळं दूध शेणाच्या खड्ड्यात.

काल गेलो होतो.
माफी मागायची म्हणून, रस्ताभर वाक्य जुळवत.
गोठ्याच्या दारात तो म्हणाला,
आलास? ते फाटक धर, सत्तावीस नंबर लाथाडते.
मी धरलं.
पांढरी धार काळ्यात पडते,
थोडा वेळ वरच तरंगते,
मग दिसत नाही.
वाक्य राहून गेलं.

ओडील आता बँगरला असते.
तिनं रक्त तपासून घेतलंय.
आकडा बापाला सांगितला नाही, मला सांगितला.
मलाच का, हे विचारायचा धीर झाला नाही.

निघताना खड्ड्याच्या कडेला
टोमॅटोचं एक रोप दिसलं, आडवं पडलेलं.
माझा ट्रक बंद होऊन अकरा वर्षं झाली.
ऑरिननंही पाहिलं, जवळ गेला.
मला वाटलं, आता बुटाखाली घेईल.
त्यानं एक काठी रोवली,
खिशातली सुतळी काढली
आणि अर्ध्या बोटानं गाठ दाबून धरत
ते उभं बांधलं.